डब्यात न टाकलेली टीप

ज्या माणसाने मला समुद्राच्या तळाशी हात धरून नेलं आणि हात धरूनच वर आणलं, तो मला जूनच्या पहिल्या सोमवारी चाकणला दिसला. आमच्याच वर्कशॉपच्या मागच्या दारात, पत्र्याच्या भंगाराची पाटी उचलताना. ह्यांचा डबा घरीच राहिला होता, तो घेऊन मी निगडीहून बसने गेले होते. डबा हातात तसाच धरून मी उभी राहिले.

"काकू!" त्याने पाटी खाली ठेवली, हातमोजे काढले. "ओळखलं का?"

ओळखलं नाही असं कसं होईल? बुद्धभूषणचा चेहरा मला पाठ होता. पाण्याखाली दुसरं काही बघायची माझी हिंमतच झाली नव्हती. रंगीत मासे बघायचे म्हणून माझ्या लेकीने, मोनिकाने पैसे भरले आणि मी सगळा वेळ त्याच्या काचेआडचे डोळे बघत होते.

मे महिन्यात अधिक लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मालवणला होतो. आमची मोनिका वाकडला असते, आयटीत आहे. जावयांना ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिने आम्हा दोघांना गाडीत घातलं. मी अधिक महिना पाळते. एकदाच जेवते, जेवताना बोलत नाही, रोज दिवा, रोज पोथीचा एक अध्याय. या महिन्यात समुद्रस्नानाचं पुण्य मोठं, म्हणून मी निघाले. मला वाटलं, घोटाभर पाण्यात उभं राहून चार ओंजळी डोक्यावर घेऊ. तर हिने तिघांचं स्कूबाचं बुकिंग आधीच करून ठेवलेलं.

"आई, स्नान करायचंय ना? मग पूर्ण कर. डोक्यावरून वीस फूट पाणी जाईल, एक केस कोरडा राहायचा नाही."

"अगं, बावन्न वर्षांची आहे मी."

"त्यांच्याकडे सत्तरीच्या आज्या उतरल्यात."

हे हसून बेजार. "उतरू दे गं तिला. ताटावर बोलत न्हाई, पाण्यातबी बोलायची न्हाई. तिला जमतंय."

बोटीवर तो काळा रबरी पोशाख चढवून बसले तेव्हा मनातल्या मनात नामस्मरण चालू होतं. पाठीवर टाकी बांधताना तो मुलगा म्हणाला, "काकू, कुठून आलात?" निगडी म्हटल्यावर तो उडालाच. "मी पिंपरीचा! महापालिकेच्या तलावात पोहायला शिकलो. तीन वर्षं झाली इथे." तेवढ्याने माझा अर्धा जीव खाली बसला. आपल्याकडचा मुलगा आहे, सोडणार नाही असं वाटलं.

आणि त्याने सोडलं नाहीच. खाली गेल्यावर मला श्वास घेता येईना. तोंडाने घ्यायचा हे वर दहा वेळा सांगितलेलं, खाली सगळं विसरले. हातपाय झाडायला लागले. त्याने माझे दोन्ही हात धरले, स्वतःची छाती मला दिसेल अशी समोर आणली आणि सावकाश श्वास घेऊन दाखवला. घेतला, सोडला. घेतला, सोडला. मी त्याच्याबरोबर घ्यायला लागले. नंतर बरं वाटलं म्हणून मी अंगठा वर करून दाखवला, तर पाण्यात त्याचा अर्थ वर चल असा असतो. त्याने मला लगेच वर नेलं. बोटीवर सगळे हसले, मीही हसले. पण त्या पाण्यात माझा जीव त्या मुलाच्या मुठीत होता, हे मला एकटीला ठाऊक होतं.

परतताना इंजिनाजवळ एक पत्र्याचा डबा दिसला. झाकणाला चीर पाडलेली आणि बाजूला लाल रंगात 'टीप' लिहिलेलं. हे पाकीट काढून बुद्धभूषणकडे वळले तशी मोनिका म्हणाली, "बाबा, हातात नाही द्यायची. डब्यात टाकायची. सगळ्यांत वाटतात ते."

"असं व्हय?" म्हणून ह्यांनी पाचशेची नोट चार जणांना दिसेल अशी उंच धरली आणि डब्यात सोडली. वर बुद्धभूषणला आपलं कार्ड दिलं. "कवा गरज लागली तर ये रं. चाकणला आपलं पत्र्याचं प्रेस शॉप हाय." हे टोलनाक्यावरच्या माणसालाही कार्ड देतात, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं.

मी सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. तरी माझ्या मनाने वेगळंच घेतलं. ती ह्यांची टीप, ती बोटीची. मला टीप द्यायचीच नव्हती. अधिकात मी दर वेळी एक गुप्तदान करते. सासूबाईंनी घालून दिलेलं आहे, सत्तावीस वर्षं चालू आहे. ज्याला द्यायचं त्यालाही कळता कामा नये की कोणी दिलं. तोंडून शब्द निघाला की केलेलं वाया. यंदाचं दान कोणाला, ते मला त्या पाण्यात कळलं होतं.

अधिकाचं वाण तेहतिसाचं असतं. तेहतीस अनारसे, तेहतीस बत्तासे, जे असेल ते तेहतीस. माझ्या बटव्यात शंभराच्या नोटा होत्या, त्यांतल्या तेहतीस मोजल्या आणि वहीच्या साध्या कागदात गुंडाळल्या. हळदीकुंकवाचं बोटही लावलं नाही. लावलं असतं तर बाईमाणसाने दिलंय हे कळलं असतं. किनाऱ्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये सगळ्यांच्या बॅगा खिळ्यांना लटकत होत्या. निळी बॅग त्याची; मला टॉवेल देताना त्यातूनच काढला होता. मोनिका कपडे बदलत होती, हे नारळपाणी पीत होते. मी बाजूच्या कप्प्यात पुडी सरकवली, चेन लावली आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

आणि आता तो चाकणला माझ्यासमोर उभा होता. हाताला ग्रीस लागलेलं, नव्या सेफ्टी शूजनी टाच सोललेली.

"सीझन संपला म्हणून आलास का रे?" मी विचारलं.

"सीझन तर दर वर्षी संपतो काकू. मला काढलं."

"काढलं? कशाबद्दल?"

"चोरी." पाटीचं वजन सांगावं तसं त्याने सांगितलं.

मला खरंच वाटलं, थट्टा करतोय. मी थोडी हसलेसुद्धा. तो हसला नाही.

"आमच्यात टीप एकाची नसते काकू. गिऱ्हाइकाला घेऊन पाण्यात मी उतरतो, पण टाक्या भरणारा दुसरा, इंजिन धरणारा तिसरा, वर ओढून घेणारा चौथा. म्हणून डबा. संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडतात, सारखे वाटे करतात. कोणी हातात दिली तरी त्याच्यासमोरच डब्यात टाकायची. बाजूला ठेवली की बोटीवरची नोकरी गेली. हा एकच कायदा आहे तिथे, आणि दाजी, म्हणजे बोटीचा मालक, तो मोडू देत नाही."

"मग?"

"त्या दिवशी गिऱ्हाईकच कमी होतं, डबा हलका निघाला. दाजी म्हणाला, बॅगा दाखवा. सगळ्यांनी दाखवल्या. मीही हसतहसत दाखवली. तर बाजूच्या कप्प्यात पुडी. तेहतीसशे रुपये."

मी भिंतीला हात लावला. पत्र्याची भिंत उन्हाने तापली होती, हात भाजला तरी काढला नाही.

"मी म्हटलं, मला माहीत नाही कुठून आले. त्यावर सगळे हसले. दाजी म्हणाला, तेहतीसशे टीप कोण देतो रे? कोणी पाचशे देईल, हजार देईल, एखादा खुळा पाच हजार देईल. तेहतीसशे म्हणजे आठवडाभर शंभर-शंभर बाजूला काढलेत. आणि काकू, खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पण तोच विचार करत होतो, तेहतीसशे कोण देईल?"

"आणि ते पैसे?"

"डब्यात टाकले. वाटे केले. मला सोडून."

आतून ह्यांची हाक आली. "शालन, उन्हात काय उभी ऱ्हायलीस? त्याला मीच बोलावला. फोन केला पोरानं, म्हणलं ये. आन तो डबा इकडं."

मी डबा दिला. बसमध्ये बसले. तळवड्याच्या चौकात बस अर्धा तास ट्रकांच्या मागे उभी होती, ते मला निगडी आल्यावर कळलं. मी फक्त एवढंच म्हणत होते: मी त्याला दिलं. मी तर त्याला दिलं.

सांगून टाकायचं, असं त्याच दिवशी ठरवायला हवं होतं. नाही ठरवलं. संध्याकाळी दिव्यासमोर बसले आणि मनाशी वाद घालत राहिले. सत्तावीस वर्षांत एकदाही तोंडून शब्द काढला नाही. आता काढला तर यंदाचं गेलं, आणि सासूबाईंनी विश्वासाने दिलेलं मोडलं. व्रत हे अर्धं कारण. उरलेली अर्धी नुसती भीती होती. तो काय म्हणेल? मोनिका डब्यात टाका म्हणाली तेव्हा मी तिथेच होते. ऐकून न ऐकल्यासारखं मीच केलं होतं.

मग मी त्याला डबा पाठवायला लागले. ह्यांच्या डब्याबरोबर आणखी एक. ह्यांच्या मागे लागून त्याला भंगारावरून काढून मोजमापाच्या टेबलावर बसवायला लावलं. "तुला लय कळवळा आलाय त्याचा," हे म्हणाले. मी म्हटलं, जीव वाचवलाय त्याने माझा. खोटं नव्हतं ते. पण तो पहिला घास घेताना ह्यांना म्हणायचा, "काकू म्हणजे देवमाणूस आहेत साहेब," आणि हे ते घरी येऊन मला जसंच्या तसं सांगायचे. मला गिळवत नसे. एकच वेळ जेवणारी मी, त्या वेळीही ताट तसंच.

शनिवारी ह्यांची फाइल द्यायला तो निगडीला घरी आला. मी चहा ठेवला. सहज म्हणून विचारलं, "पुढे काय ठरवलंयस?"

"गोव्याला परीक्षा आहे काकू, पक्का इन्स्ट्रक्टर व्हायची. वीस जूनपर्यंत अर्ज. आम्ही दर डाइव्हची नोंद एका वहीत ठेवतो, कुठे, किती खोल, किती मिनिटं. वर्षाची बेरीज झाली की खाली मालकाची सही. माझी वही दाजीकडे आहे. तो म्हणतो, चोराच्या वहीवर सही करत नाही."

"वहीशिवाय?"

"वहीशिवाय मी पाण्यात उतरलोच नाही असं धरतात. तीन वर्षं गेली."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा पुसला.

"घरी आई काय म्हणते?"

त्याने कप दोन्ही हातांत धरला. "आईने एकदाच विचारलं. 'घेतलेस का?' मी नाही म्हटलं. ती म्हणाली, 'बरं.'"

"मग झालं की."

"काकू, तिचं ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखतो. ती औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. तीस वर्षं. रोज सुटताना गेटवर झडती. डबा उघडून, पदर झटकून दाखवायचा. तीस वर्षांत एक गोळी तिच्या पिशवीत सापडली नाही. आणि माझ्या बॅगेत..." त्याने चहा संपवला. "ती आता माझ्याशी नीट बोलते. पूर्वी भांडायची. आता नीट बोलते."

तो गेल्यावर मी ह्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून काढलं, तेही इतक्या हळू की हे म्हणाले, "काय? कुणाचं काय?" पुन्हा सांगावं लागलं.

ह्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. माझ्याकडे नुसते बघत राहिले, जणू मी कोणाची कोण.

"पोरीनं सांगितलं व्हतं डब्यात टाका म्हणून. मी टाकले. पाचशे टाकले, सगळ्यांनी बघितले, तू मनात म्हणाली असशील, बघा कसा मिरवतोय. म्हणली का न्हाई?"

म्हणाले होते. मी मान हलवली.

"माझ्या मिरवण्यानं कुणाची नोकरी गेली न्हाई, शालन." मग म्हणाले, "सोमवारपासनं तुला ठावं हाय? सोमवारपासनं मी त्या पोराला हिशेबाच्या कपाटाची चावी द्यावी का न्हाई, ह्याचा इचार करतोय. त्यानंच मला सांगितलेलं, साहेब, माझ्यावर चोरीचा आळ हाय, ठेवायचं तर ठेवा. आन तू माझ्यासमोर पोळ्या लाटत व्हतीस."

रात्रभर मी जागी होते, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी पूजा उरकून पिंपरीला गेले. हे येतो म्हणाले, मीच नको म्हटलं.

स्टेशनच्या अलीकडे त्यांची वसाहत. दोन खोल्या, पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, खाली पोहण्याची पदकं एका खिळ्याला गुच्छ करून टांगलेली. त्याची आई तानुबाई, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल, खाली बसून मेथी निवडत होती. बुद्धभूषणने ओळख करून दिली, "आई, ह्या काकू, आमच्या साहेबांच्या मिसेस. डबा पाठवतात त्या."

"या, या ताई. बसा." तिने निवडलेली पानं बाजूला सारली. "याच्या तोंडी तुमचंच नाव असतं. आताच्या काळात असं कोण करतं? बसा, खुर्चीवर बसा."

मी खुर्चीवर बसले नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "ताई, ते पैसे मी ठेवले होते. त्याच्या बॅगेत. मालवणला."

तिचे हात मेथीवरच थांबले. बुद्धभूषण दारात उभा होता, तो म्हणाला, "काय?"

मी सगळं सांगितलं. अधिक, वाण, तेहतीस, साधा कागद, निळ्या बॅगेचा कप्पा. सांगताना मला स्वतःलाच ते अनोळखी वाटत होतं.

"मला हातात का नाही दिले?" त्याने विचारलं.

"तुला कळू नये म्हणून."

"मला?" तो हसला, ते हसू ऐकवत नव्हतं. "माझ्याच बॅगेत, आणि मलाच कळू नये म्हणून?"

"गुप्तदान असतं रे ते. ज्याला दिलं त्यालाही..."

"काकू, मी दान मागितलं होतं का? मी काम केलं होतं. तुम्ही घाबरलात, मी वर आणलं. तेच माझं काम. त्याचे पैसे डब्यात पडले असते, मी माझा वाटा खिशात घालून सगळ्यांबरोबर चहा प्यायलो असतो."

तानुबाईने त्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे बघून एकच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, याला त्यापायी काढलं म्हणून?"

"सोमवारी."

"आज रविवार."

"हो."

"सहा दिवस." ती उठली, मेथीची जुडी तिच्या मांडीवरून खाली पडली, तिने ती उचलली नाही. "सहा दिवस मी याच्या ताटात वाढताना याच्या हाताकडं बघते. माझ्या लेकाच्या हाताकडं. बोटं बघते त्याची. आणि तुम्ही डबे पाठवत होता."

मला तिने शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. तिने पाण्याचा तांब्या भरला आणि माझ्यासमोर ठेवला. सवयीने ठेवला असावा. मी त्याला हात लावू शकले नाही.

"दाजींना फोन लाव," मी बुद्धभूषणला म्हटलं. "मी बोलते."

त्याने लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन मेथीच्या शेजारी ठेवून मागे सरकला. पलीकडून वाऱ्याचा आवाज, कोणीतरी हातोडा मारत होतं. मी माझं नाव सांगितलं, आम्ही कोण, कधी आलो होतो ते सांगितलं, मग पैशांचं सांगितलं.

"ताई, मोठ्यान बोला. हय वारो आसा."

मी पुन्हा सांगितलं.

दाजी म्हणाला, "तो आता तुमच्याकडे कामाक आसा ना? मगे तुम्ही असा बोलतल्यात. सांभाळून घेतल्यात त्याका."

"नाही हो दाजी. देवाशपथ."

"खरा असात तर इतके दिवस खय होतात?"

खोलीत तानुबाई माझ्याकडे बघत होती. तिलाही हेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "मला आधी कळलं नाही. कळल्यावर मी भ्यायले. सहा दिवस गप्प बसले. ते माझं चुकलं."

हातोडा थांबला होता. दाजीचा आवाज बदलला. "ह्या माका एकट्याक सांगून काय उपयोग? त्याका मी एकट्यान काढूक नाय. बारा माणसांसमोर त्याची बॅग पालथी केली. ती सगळी हयच आसत, बोट वर घेतलीहा, रंगकाम चाललाहा. त्यांका सांगा. पण मोठ्यान. फोन मी वर धरतंय."

आमच्या घरात माझा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचत नाही. देवासमोरही मी पुटपुटते. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते पुरेसं नव्हतं, पलीकडून कोणीतरी "काय तां? ऐकाक येना नाय!" म्हणालं. बुद्धभूषण भिंतीला टेकून पायाकडे बघत होता.

मी ओरडले. "ते पैसे मी ठेवले! त्याला माहीत नव्हतं! बुद्धभूषणने काही घेतलेलं नाही!"

शेजारच्या दारातून दोन बायका बाहेर आल्या. एक मुलगी दात घासता घासता तशीच येऊन उभी राहिली. पलीकडून आवाज आला, "तेहतीसशेच कित्याक पण?"

"अधिकाचे!" मी ओरडले. "अधिकाचे तेहतीस! गुप्तदान होतं ते! मी टीप समजून दिलं नाही, म्हणून डब्यात टाकलं नाही! मला डबा दिसला होता! मला सांगितलंही होतं! तरी टाकलं नाही!"

एवढं बोलून माझा घसा बसला. सत्तावीस वर्षांचं सगळं त्या वसाहतीच्या बोळात, दात घासणाऱ्या मुलीसमोर, मालवणच्या बारा माणसांसमोर सांडलं.

पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "अरे देवा. अधिकाचे तेहतीस. माझी बाईल ह्या महिन्यात तेहतीस बत्तासे वाटता, आणि माझ्या टाळक्यात येवक नाय?" दुसरा म्हणाला, "त्याचा वाटो आपण खाल्लो रे." मग सगळे गप्प झाले. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या बारा माणसांचं गप्प होणं इकडे खोलीत ऐकू येत होतं.

"ताई," दाजी म्हणाला, "वहीवर सही करतंय. आजच. उद्या कुरियरान धाडतंय, वीस तारखेच्या आधी पोचात. आणि त्याका सांगा, सप्टेंबराक बोट सुटली की त्याची जागा त्याचीच आसा." मग म्हणाला, "त्याका फोन द्या. माका बोलूचा आसा त्याच्याशी."

मी फोन उचलून बुद्धभूषणकडे धरला. त्याने घेतला नाही. हात मागे बांधून उभा राहिला. त्याचा जबडा हलत होता, पाण्याखाली तोंडातली नळी घट्ट धरावी तसा.

"बुद्धा," पलीकडून दाजी म्हणाला. "बुद्धा, आयकतंस?"

तानुबाई पुढे आली. माझ्या हातातून तिने फोन घेतला, कानाला लावला नाही, तोंडासमोर धरला.

"भाऊ, सही करा. वही पाठवा," ती म्हणाली. "त्याच्याशी उद्या बोला. आज त्याच्याशी मला बोलायचंय."

तिने फोन बंद केला आणि लेकाकडे वळली. मी उठले, चपला घातल्या. दारातल्या बायकांनी बाजूला होऊन मला वाट दिली.